दोऱ्याखालचा घेर

अठरा नोव्हेंबर, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. पलूसच्या घराच्या गच्चीवर मी उभी आहे आणि खालच्या रस्त्यावरून या हंगामातला उसाचा पहिला ट्रॅक्टर चालला आहे. मागे दोन ट्रॉल्या आहेत, दोन्ही मापापेक्षा जास्त भरलेल्या. वळणावर मागची ट्रॉली किंचित कलते, दोन-चार ऊस घसरून डांबरावर पडतात आणि मागून येणाऱ्या दुचाकीखाली त्यांचा चोथा होतो. दुपारपर्यंत या रस्त्याला एक गोड, आंबूस वास धरेल आणि तो उन्हाळ्यापर्यंत सुटणार नाही. या वासाला बहुतेक लोक सुगी म्हणतात. मी गेल्या वर्षापर्यंत म्हणत होते.

हंगामाची दुसरी खूण आकाशातून येते. ऊस तुटून गेला की शेतात पाचट उरते, आणि ते पेटवून देण्याची आमच्याकडे रीत आहे. संध्याकाळी क्षितिजावर कुठेतरी जाळ उठतो, सकाळी अंगणात, गच्चीवर, दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर काळ्या रंगाच्या पातळ, लांबट चिंध्या पडलेल्या असतात. बोट लावले की त्यांची पूड होते. लहानपणी आम्ही त्या तळहातावर झेलायचो. भौतिकदृष्ट्या पाहिले तर दिसणारी काजळी फारशी घातक नसते, कारण ती जड असते आणि खाली बसते. घातक असतो तो न दिसणारा भाग. तो बसत नाही, आत जातो.

माझे वडील, अण्णा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ईशान्येकडच्या एका छावणीत असताना तिथल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीला जड कुंड्या हलवायला माणूस हवा होता, म्हणून अण्णांची नेमणूक झाली. कुंड्या हलवता हलवता ते त्यांत काय वाढते आहे हे बघू लागले. निवृत्तीनंतर घरी आले ते सैन्याच्या कांबळ्यात गुंडाळलेल्या तीन कुंड्या घेऊन. आईला वाटले, परदेशी भांडी असतील. उघडून पाहिले तर आत वीतभर उंचीची तीन झाडे होती, आणि नवरा सांगत होता की यांना यापेक्षा मोठे व्हायचे नाही.

त्यातली दोन आमच्या उन्हाळ्याने मारली. पण त्याच वर्षी आमच्या विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत, भिंतीच्या भेगेतून, वडाचे एक रोप बाहेर आले होते. असली रोपे आम्ही उपटून टाकतो, नाहीतर भिंत जाते. अण्णांनी ते छिन्नीने दगड फोडून मुळांसकट काढले आणि पसरट कुंडीत लावले. त्या वेळी मी बालवाडीत होते. माझी उंची दारावर खुणा करून मोजली जायची आणि वडाचा घेर शिंप्याच्या फितीने. माझ्या खुणा बारावीला थांबल्या. वडाचे मोजणे पुढे माझ्याकडे आले, कारण घरात एम.एस्सी. झालेली मी एकटी होते, तेही वनस्पतिशास्त्रात. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी, मातीपासून चार बोटे वर.

झाडाला आकार देण्यासाठी तार लागते आणि ती रशीदचाचांकडून यायची. रशीदचाचा मूळचे रहिमतपूरचे. पलूसच्या बाजारात त्यांचे मोटरी भरून देण्याचे दुकान आहे. उसाला पाणी देता देता जळालेली प्रत्येक मोटर त्यांच्याकडे येते. जुने वेटोळे भाजून काढले की आतली तांब्याची तार मऊ होते, सुतळीसारखी वळते. अण्णांच्या फांद्यांवर ती तार असायची. दर महिन्याला चाचा एक भेंडोळे घेऊन यायचे, गच्चीवर खुर्ची ओढायचे आणि झाडांकडे सहानुभूतीने बघायचे.

"सुभेदार, पलटणीत जवान कमी पडलं म्हणून झाडास्नी सावधानमधी उभं केलंयसा व्हय?"

"तुमी मोटरीला गुंडाळताय, मी झाडाला गुंडाळतोय. धंदा येकच हाय, भाई."

"माजी मोटर चालती तरी. तुमचं झाड वीस वर्सं तितंच हाय."

तारेबाबत अण्णांचा नियम एकच होता. तार बांधणे कुणालाही जमते. ती कधी काढायची, हे कळले पाहिजे. फांदी जाड होत जाते, तार होत नाही. वेळेत काढली नाही तर ती सालीत रुतते आणि तिचा वळ झाडावर कायमचा राहतो. म्हणून दर आठवड्याला ते चष्मा लावून एकेक फांदी तपासायचे. वडावर तारेचा एकही वळ नव्हता, आणि घरात अण्णांना कशाचा अभिमान असेल तर तो याचा होता.

मग त्यांना धाप लागू लागली. आधी गच्चीच्या जिन्यावर, मग सपाटीवर. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीची छायाचित्रे काढली आणि फुफ्फुसे आतून ताठ होत चालली आहेत असे सांगितले. जिथे श्वासाबरोबर फुगणारे ऊतक असायला हवे तिथे वळ तयार होत होते. कारण सांगता येत नाही, असेही ते म्हणाले. धूळ, धूर, धान्य, कबुतरे, सगळे विचारून झाले.

"धुराचं म्हणताय," अण्णा म्हणाले, "तर डॉक्टर, हंगामात आमचा अख्खा गावच हुक्का वडतोय."

डॉक्टर हसले नाहीत. मला तेव्हाच उत्तर मिळाले होते. कारण शोधणे हे आता फक्त माझे समाधान होते, अण्णांच्या उपयोगाचे त्यात काही नव्हते. त्यानंतर घरात एक यंत्र आले, जे खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढते आणि दिवसभर घुरघुरते. रक्तातला प्राणवायू मोजणारा, बोटाला लावायचा चिमटाही आला. मी शिरवळला एका औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. साताऱ्यात खोली घेऊन राहते. रोज सकाळी आई मला फोनवर चिमट्यावरचा आकडा सांगायची आणि मी तो आलेखावर मांडायची. रेषा उतरती होती. उताराचा कोन मला ठाऊक होता. ती कुठे जाऊन थांबते हेही काढता येत होते. मी काढले होते. कुणाला सांगितले नव्हते.

गेल्या वर्षी वटपौर्णिमेला मी घरी होते. आई दर वर्षी कालव्यापलीकडच्या वडाला जाते, पण त्या वर्षी अण्णांना एकटे सोडून तिला जायचे नव्हते. ती पूजेचे ताट घेऊन गच्चीवर आली. अण्णा नळी लावून खुर्चीत बसले होते.

"आवं, ह्यो बी वडच हाय न्हवं?"

"हाय की. जरा बुटका हाय."

"मग देवाला काय उंची मोजत बसायचं हाय?"

कुंडी सिमेंटच्या कट्ट्यावर होती. आई कट्ट्याभोवती फिरली आणि प्रत्येक फेरीला तिने खोडाला दोरा घेतला, नेहमीच्या सवयीने, घट्ट. मोठ्या वडाभोवती तो दोरा साडीच्या काठासारखा दिसतो. इथे तो चार बोटांच्या जागेत सात वेळा बसला.

"सात जन्म मागतीयास व्हय?" अण्णांनी विचारले.

"सात न्हेऊन काय करू? ह्योच धड जाऊ दे."

त्याच सकाळी, पूजेच्या आधी, मी घेर मोजला होता. एकतीस पूर्णांक चार सेंटिमीटर. आदल्या वर्षीपेक्षा सव्वा सेंटिमीटर जास्त. अण्णा खूश झाले होते.

जपानची गोष्ट त्यानंतरच्या हंगामाच्या सुरुवातीची, म्हणजे बरोबर एक वर्षापूर्वीची. रशीदचाचांच्या मुलाने अण्णांच्या फोनवर एक चित्रफीत पाठवली. टोकियोत दर हिवाळ्याच्या शेवटी बोन्सायचे एक प्रदर्शन भरते. त्यात एका पाइनभोवती कॅमेरा फिरत होता. झाड काही शतकांचे असावे. अर्धे खोड मेलेले, पांढरे, आणि त्याला चिकटून वर जाणारी जिवंत सालीची एक पट्टी. अण्णांनी ती चित्रफीत दिवसभर पाहिली. मी शनिवारी घरी आले तेव्हा म्हणाले, "तिथं झाडावर तार दिसत न्हाई, बघ. वळ बी न्हाई. येकदा बघून यायला पायजे." आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

मी ताबडतोब कामाला लागले. मला कामाला लागता येते. हतबल होणे जमत नाही. पारपत्र, व्हिसा, विमानात नेता येईल असे प्राणवायूचे छोटे यंत्र, त्याच्या बॅटऱ्या, चाकांची खुर्ची, प्रदर्शनाच्या इमारतीला उद्वाहन आहे की नाही, सभागृहातली अंतरे, तिथली थंडी आणि थंड हवेत श्वासनलिका आवळण्याचा धोका. प्रत्येक अडचणीपुढे उपाय आणि प्रत्येक उपायापुढे पर्यायी उपाय. आईने आपला भाग वेगळा काढला होता: शेंगदाण्याची चटणी, बाजरीची भाकरी कडक करून, आणि थर्मासात घालून न्यायची पेज, कारण तिच्या माहितीप्रमाणे तिथे कच्चे मासे सोडून काही मिळत नव्हते.

पारपत्राच्या चौकशीला हवालदार आले. अण्णांनी त्यांना गच्चीवर बसवले.

"सुभेदार, जपानात काय काम काढलं?"

"झाडं बघायची हायत."

"आपल्याकडं काय कमी हायत व्हय?"

"लय हायत. पर ती मोठी हायत."

हवालदार बराच वेळ वडाकडे बघत राहिले, मग सही करून गेले. अण्णांना वड बरोबर न्यायचा होता. प्रदर्शनात मांडायला नव्हे, नुसता. मातीसकट झाड दुसऱ्या देशात नेता येत नाही, हे मी त्यांना समजावले. रशीदचाचांनी उपाय सुचवला, "विचारलं तर म्हणायचं, भाजी हाय. ताजी न्हेतोय." शेवटी असे ठरले की झाडाचे चांगले छायाचित्र काढून न्यायचे. तिथे कुणी विचारले, तुमच्याकडे काय आहे, तर खिशातून काढून दाखवता आले पाहिजे.

त्या छायाचित्रासाठी डिसेंबरातल्या एका रविवारी मी वड स्वच्छ करायला घेतला. वरून पाने दाट होती, इतकी की आत बोट जात नव्हते. अण्णांनी आकारासाठी बहुतेक पारंब्या कापल्या होत्या. पुढच्या बाजूच्या दोन बारीक पारंब्या आणि मातीवरचे शेवाळ यांच्या आड खोडाचा खालचा भाग झाकला होता. मी पारंब्या बाजूला धरून शेवाळ खरवडले आणि माझे बोट एका खाचेत गेले. आत आईचा दोरा होता.

सुताचा असता तर पावसात कुजून गेला असता. पण आता पूजेच्या सामानात मिळतो तो दोरा चकाकतो, स्वस्त असतो, आणि त्यात सूत नावापुरते असते. तो तसाच राहिला होता. पावसाळ्यात खोड वाढले आणि दोऱ्यावर फुगून आले. वरच्या बाजूला सालीची जाड कड झाली होती, खालची बाजू कोरडी होती. यामागचे शास्त्र सोपे आहे. पाणी खोडाच्या आतल्या भागातून वर चढते, त्याला दोरा अडवत नाही. पानांत तयार झालेले अन्न मात्र सालीतून खाली उतरते. साल आवळली गेली की ते वरच साठते. त्यामुळे असे झाड काही काळ नेहमीपेक्षा हिरवे, भरलेले दिसते. मुळे उपाशी मरत असतात, पण मुळे कुणाला दिसत नाहीत. त्या महिन्यात घरी येणारा प्रत्येक पाहुणा अण्णांकडे बघून म्हणत होता की सुभेदारांची तब्येत सुधारली, गाल वर आले. ते गाल स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आले होते.

मी कात्री आणायला उठले.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले.

"राहू दे काय, अण्णा? दोरा रुतलाय. मुळांना काही पोचत नाहीये."

"म्हाईत हाय, मॅडम. दिवाळीतच दिसला मला."

"मग काढला का नाही?"

त्यांचे वाक्य आता एका श्वासात होत नसे. ते मधे थांबायचे आणि आपण पुढच्या शब्दाची वाट बघायची. "तिनं बांधलाय. माज्यासाटी. आता मी हितं... कात्री घिऊन बसलो... तर तिला काय वाटंल?"

"आईला मी सांगते. नुसता दोरा आहे तो."

"तुला नुसता हाय."

मी युक्तिवाद केला. झाड वीस वर्षांचे आहे, दोरा सहा महिन्यांचा. मोठा वड असता तर असले हजार दोरे त्याने पेलले असते, हा पेलू शकत नाही. आईला श्रद्धा आहे, पण तिने झाड मारायला सांगितलेले नाही. सगळे मुद्दे बिनतोड होते. अण्णांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, छायाचित्र डाव्या बाजूने काढ, तिकडून खाच दिसत नाही. मी डाव्या बाजूने काढले. सुंदर आले. झाड इतके भरगच्च कधीच नव्हते.

जानेवारीत आम्ही सांगलीला गेलो. विमानप्रवासाला हरकत नाही असा कागद डॉक्टरांकडून हवा होता. त्यांनी अण्णांना दवाखान्याच्या बोळातून सहा मिनिटे चालायला सांगितले, बोटाला चिमटा लावून. सहा मिनिटे झालीच नाहीत. अण्णा भिंतीला हात टेकून उभे राहिले. आकडा शहात्तर होता. त्यांनी पाठ सरळ ठेवली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावले की विमानातली हवा महाबळेश्वरपेक्षाही विरळ असते, प्रवास दहा-बारा तासांचा, आणि वर काही झाले तर खाली येता येत नाही. "मी कागद देणार नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून आणूही नका."

परतताना गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. अण्णा काचेतून बघत म्हणाले, "जहाजानं?"

"अण्णा, जहाजाला महिना लागेल."

"मला कुटं लगीनघाई हाय." मग त्यांना हसू आले, हसण्यातून खोकला, आणि खोकल्यातून ते बाहेर येईपर्यंत ट्रॉल्या पुढे निघून गेल्या होत्या.

गृहीतक चुकीचे ठरले की ते सोडून द्यायचे, हे माझे शिक्षण. मी सोडले नाही, आणि अण्णांनीही नाही. तो कागद मिळणार नाही हे कळल्यानंतर आमची योजना अधिकच नेमकी झाली. स्टेशनावरून कुठल्या दाराने बाहेर पडायचे, पहिल्या दिवशी किती दालने, दुसऱ्या दिवशी किती; पाइन आधी की जुनिपर आधी. अण्णा प्रश्न विचारायचे आणि मी उत्तर शोधायची. यात काही दिलासा होता असे मला आज म्हणता येणार नाही. दोघांनाही ठाऊक होते, आणि दुसऱ्याला ठाऊक आहे हेही ठाऊक होते. आई खालून हाक मारायची, आम्ही दोघे एकदम गप्प व्हायचो, चोरी पकडल्यासारखे.

प्रदर्शन सुरू होण्याच्या दिवशी मी रजा घेऊन घरी आले होते. तिथले दार साडेनऊला उघडते. आपल्याकडे तेव्हा सहा वाजलेले असतात. अण्णांना गच्चीवर जायचे होते. जिना चढायला आम्हाला फार वेळ लागला. प्रत्येक पायरीवर थांबलो, मी एका हातात प्राणवायूचे नळकांडे धरले होते. वर पोचल्यावर त्यांनी पलटणीचा कोट मागितला. तो आता खांद्यावरून घसरत होता. वडासमोर खुर्ची, वर अजून फिकट अंधार, आणि हवेत आदल्या संध्याकाळच्या पाचटाचा वास. मी त्यांच्या नाकातोंडावर रुमाल धरला. त्यांनी तो बाजूला केला.

रशीदचाचा नमाज आटोपून तसेच आले.

"सुभेदार, उघडलं का दार?"

"उघडलं. गर्दी हाय."

"चपला कुटं काढायच्या?"

"र्‍हाऊ द्या पायात. हितं इचारत न्हाईत कुणी."

आईने चहा आणला. ती काही न विचारता कठड्याशी बसली. उजाडू लागले तशी वडाच्या पानांवर पडलेली काजळी दिसू लागली. अण्णांनी हात लांब करून एक पान अंगठ्याने पुसले. ते पुसले गेले नाही, काळे फरकटले. मग त्यांनी मला विचारले, "ती पाचशे वर्सांची झाडं... येका माणसाच्यानं हुत न्हाईत. येक मेल्यावर दुसऱ्याला... कोण सांगत आसंल, तार कवा काढायची?"

रशीदचाचांनी चहाचा कप खाली ठेवला. खालून एक ट्रॅक्टर गेला, त्याच्यावर लग्नातली गाणी लागली होती.

अण्णा मे महिन्यात गेले. हंगाम संपून दोन महिने झाले होते, पाचट जळून विझले होते आणि पलूसची हवा वर्षातली सगळ्यात स्वच्छ होती. मी तेव्हा दवाखान्यात त्यांच्याजवळ होते. चिमटा त्यांच्या बोटाला होता, पडद्यावर आकडा होता. तो मी नोंदवला नाही. आलेखावरची रेषा त्यामुळे एक दिवस आधी संपते. मी काढलेल्या अंदाजात आणि प्रत्यक्षात फारच थोडा फरक पडला, आणि माझ्या कामातल्या कुठल्याही अचूकतेचा मला इतका तिटकारा आलेला नाही.

महिन्याभराने वटपौर्णिमा आली. आई गच्चीवर आली नाही. शेजारच्या काकूंनी विचारले, तुमच्या वडाला आम्ही येऊ का, आता पाऊस आहे, लांब जायला नको. आईने त्यांना सांगितले की वर शेवाळ झाले आहे, पाय घसरेल. या वर्षी, पहिल्यांदाच, मी घेर मोजला नाही.

पावसात वडाची पाने पिवळी पडायला लागली. आधी आतली, मग टोकाची. मी मातीत बोट घालून पाहिले. मुळे काळी, मऊ, आणि बोटाला सडका वास. दोन बारीक पारंब्या मातीत पोचल्या आहेत, जे काही हिरवे उरले आहे ते त्यांच्यावर. पण त्या पारंब्या दाभणाएवढ्या आहेत आणि अण्णांनी त्या फक्त शोभेसाठी ठेवल्या होत्या. आता दोरा काढला तरी वरची साल खालच्या सालीला मिळायला लागेल तेवढा काळ मुळांकडे नाही.

रशीदचाचा अजून महिन्याला एक चक्कर मारतात. तार आणत नाहीत. मागच्या वेळी म्हणाले, "पोरी, समदं ठरवलं हुतंस. तू तरी जाऊन यी." माझ्याकडे पारपत्र आहे, रजा आहे, निरोगी फुफ्फुसे आहेत. स्टेशनाचे दार पाठ आहे. मला अडवणारी एकही गोष्ट मी शोधू शकले नाही, आणि तरीही दिनदर्शिकेतल्या फेब्रुवारीच्या रकान्यात काही लिहायला माझा हात उचलला जात नाही. ज्या प्रश्नासाठी जायचे तो अण्णांनी विचारला होता. उत्तर घेऊन मी कुणाकडे येऊ?

ट्रॅक्टर केव्हाच गेला आहे. जिन्यावर पावले वाजतात; आई वर येते. तिच्या हातात अण्णांची तार कापायची कात्री आहे, तेल लावलेली.

"प्राजू, त्यो दोरा काड आता."

मी तिच्याकडे बघते. "तुला माहीत होतं?"

"का? रोज पाणी कोण घालतंय झाडास्नी? मला दिसत न्हाई व्हय?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ती कट्ट्यावर हात टेकते. "त्येंनी ठिवला हुता गं. रोज बघायचं अन् तसाच ठिवायचं. मला वाटलं, त्यास्नी त्यो पायजेल हाय. म्हटलं, मी कशाला सोडू? सोडला, अन् काय झालं तर?"

मी तिला अण्णांचे म्हणणे सांगत नाही. ती कात्री माझ्या हातात देते आणि नेहमीसारखी कठड्याशी जाऊन बसते, पाठ रस्त्याकडे, तोंड झाडाकडे.

दोरा एका कापाने सुटत नाही. सातही फेरे वेगवेगळे रुतले आहेत. प्रत्येक टोक पकडून हलकेच ओढावे लागते. बाहेर येतो तेव्हा तो अजून पांढरा आहे, जागोजागी चकाकतो. आई हात पुढे करते, मी दोरा तिच्या तळहातावर ठेवते, आणि ती त्याची बोटाभोवती गुंडाळी करू लागते. रशीदचाचा तारेची करायचे तशी. एक काजळीची चिंधी खाली येते आणि खाचेत बसते. मी ती फुंकरीने उडवते.

मग खिशातून शिंप्याची फीत काढते. मातीपासून चार बोटे वर, दोऱ्याच्या जागी, पुन्हा पुन्हा लावून बघते. घेर, एकतीस पूर्णांक चार सेंटिमीटर.